घोडा ठेचकाळतो तेव्हा: चालीतला दोष टप्प्याटप्प्याने कसा शोधावा

स्वारीच्या घोड्याचा पाय कधीतरी दगडाला किंवा मुळीला अडला, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. मात्र तोच घोडा सपाट जमिनीवर, पुन्हा पुन्हा, बहुधा एकाच पायाने ठेचकाळू लागला, किंवा दुडकी चालीत खोगिरावर एका बाजूचा हिसका दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त बसतो असे जाणवू लागले, तर ती गोष्ट तिथल्या तिथे सोडून देऊ नये. अशा वेळी पहिल्यांदा कानावर येणारे निदान म्हणजे ‘घोडा आळशी आहे’ किंवा ‘त्याचे लक्ष नसते’. लक्ष नसल्यामुळे ठेचकाळणारे घोडे असतात, हे मान्य आहे. पण हे निदान बाकी सगळ्या शक्यता तपासून झाल्यावर करायचे असते. घोडा हा कळपात राहणारा आणि शिकारी जनावरांपासून पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. दुखणे उघडपणे दाखवणे त्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे चालीतला लहानसा फरक हीच पुष्कळदा त्याची पहिली तक्रार असते.

माझ्याकडे असलेली एक घोडी उजव्या पुढच्या पायाने अधूनमधून ठेचकाळत असे. दोन महिने मी तिला टाच मारून पुढे हाकत राहिलो, कारण ती मूळचीच मंद आहे अशी माझी समजूत होती. नाल बदलण्याच्या दिवशी नालबंदाने काढलेली जुनी नाल माझ्या हातात ठेवली. तिचे टोक पत्र्यासारखे पातळ झाले होते आणि टाचेकडचा भाग जवळजवळ कोरा होता. घोडी कितीतरी दिवस टाच वाचवून टोकावर पाय टाकत होती, आणि ते सगळे त्या लोखंडावर लिहिलेले होते. तिला टाचेत दुखत असताना मी तिला दामटत होतो, हे आजही मला सलते. पुढे दिलेला क्रम तेव्हापासून मी पाळत आलो आहे.

हा क्रम जमिनीपासून वर जातो: आधी खूर, मग पाय, मग पाठ आणि खोगीर, आणि त्यानंतर स्वार. यामागे कारण आहे. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, लंगडेपणा पुढच्या पायांत अधिक आढळतो, आणि पुढच्या पायांतल्या दुखण्यांपैकी बहुतेकांचे मूळ खुरात किंवा खुराच्या अगदी जवळ असते. तरीही पुष्कळ लोक खांद्यापासून सुरुवात करतात, कारण पाय आखडलेला दिसला की डोळा तिकडेच जातो.

शोध थांबवून लगेच पशुवैद्यकाला बोलवण्याची वेळ

काही परिस्थितींत स्वतः तपासत बसणे घोड्याच्या जिवावर बेतू शकते. घोडा एका पायावर अजिबात भार देत नसेल, पायाचा आकार किंवा कोन बदललेला दिसत असेल, सांध्याजवळ किंवा शिरेवर (म्हणजे रक्तवाहिनीवर नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवर) जखम असेल, तर घोड्याला आहे तिथेच उभे ठेवावे आणि चालवून पाहण्याचा मोह टाळावा. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, भार मागे घेऊन घोडा उभा राहत असेल आणि वळायला तयार नसेल, तर लॅमिनायटिसची शंका घ्यावी. त्यात खुराच्या आतले हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारा थर सुजतो आणि प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. कामानंतर घोडा अचानक आखडला, दरदरून घाम फुटला, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे घट्ट लागले आणि लघवी कॉफीसारखी गडद झाली, तर तो स्नायूंच्या पेशी फुटण्याचा प्रकार असू शकतो. अशा घोड्याला ‘चालवून मोकळा करू’ म्हणून एक पाऊलही हलवू नये.

खुराच्या तळव्यात खिळा रुतलेला सापडला तर तो उपटून फेकण्याची घाई करू नये. तळव्याचा मधला भाग नाजूक असतो, आणि खिळा कोणत्या दिशेने व किती खोल गेला आहे हे तो जागेवर असतानाच एक्स-रेमध्ये नेमके कळते. पाय टेकताना तो आणखी आत घुसत असेल तर मात्र काढावा लागतो. तेव्हा आधी त्याचा फोटो घ्यावा, शिरल्याची जागा रंगाने खूण करून ठेवावी आणि खिळा जपून ठेवावा. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, म्हणून लस कधी दिली होती हे पशुवैद्यकाला न विसरता सांगावे.

ठेचकाळणे, लंगडणे आणि झोकांडी जाणे

या तीन गोष्टी बोलण्यात एक होतात, पण त्यांची कारणे निरनिराळी असतात. ठेचकाळताना खुराचे टोक जमिनीला अडते आणि घोडा क्षणभर पुढे झुकतो. मधली पावले सरळ असू शकतात. लंगडणे म्हणजे दुखणाऱ्या पायावर भार कमी यावा म्हणून घोडा चालीचा ठेका बदलतो, आणि हा बदल पावलागणिक ठरलेल्या जागी येतो, जणू तालात एकच मात्रा प्रत्येक आवर्तनात हलकी पडावी. झोकांडी जाणाऱ्या घोड्याला पाय कुठे पडतो आहे याचा अंदाजच नसतो. त्याचे एक पाऊल रुंद, एक अरुंद, एक उंच असे कसेही पडते. दुखण्याच्या चालीत दोष नियमित असतो आणि मज्जासंस्थेच्या बिघाडात तो अनियमित असतो, हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण झोकांडी जाणाऱ्या घोड्यावर बसणे स्वाराच्या जिवाला थेट धोका आहे.

नोंदवही

घोड्याला हात लावण्याआधी कागदावर काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. दोष पहिल्यांदा कधी जाणवला? तो अचानक आला की हळूहळू वाढला? पागेतून बाहेर काढताना जास्त असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत कमी होतो, की काम वाढेल तसा वाढतो? सांध्यांची जुनी झीज बहुधा सुरुवातीला जास्त त्रास देते आणि अंग गरम झाले की थोडी निवळते. शिरेची ताजी दुखापत कामाने वाढत जाते. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. नाल शेवटची कधी बदलली, त्या सुमारास खोगीर, चारा, जमीन किंवा स्वार बदलला का, हेही लिहावे. नाल मारल्यापासून एक-दोन दिवसांत लंगडणे सुरू झाले असेल, तर खिळा आतल्या जिवंत भागाच्या जवळून गेला असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. ही दोन ओळींची नोंद पुढे पशुवैद्यकाचा अर्धा तास वाचवते.

उभ्या घोड्याची तपासणी

घोड्याला सपाट, कठीण जमिनीवर मोकळे उभे करावे आणि पाच मिनिटे नुसते पाहावे. मागचा एक पाय सैल सोडून आराम करणे हे घोड्याचे नेहमीचे आहे, पण तो दर वेळी एकच पाय सैल सोडत असेल तर ते लिहून ठेवावे. पुढचा पाय सैल सोडून किंवा पुढे टाकून उभे राहणे मात्र निरोगी घोडा सहसा करत नाही. समोरून पाहताना दोन्ही खुरांची रुंदी, छातीचे आणि खांद्याचे स्नायू सारखे भरलेले आहेत का हे तपासावे. मागून, शेपटी बाजूला धरून, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू जुळतात का ते पाहावे. एका बाजूचा स्नायू सुकलेला दिसला, तर तो पाय किंवा ती बाजू घोडा कित्येक आठवडे वाचवत आला आहे असे समजावे.

आता खूर. आधी चारही खुरांच्या भिंतींवर हाताचा पालथा भाग ठेवून उष्णता ताडून पाहावी. उन्हात उभ्या असलेल्या घोड्याचे सगळेच खूर गरम लागतात, म्हणून एका खुराची दुसऱ्याशी तुलना महत्त्वाची. त्यानंतर नाडी पाहावी, आणि हे कौशल्य प्रत्येक घोडेवाल्याने शिकलेच पाहिजे. खुराच्या वर जो पहिला मोठा सांधा येतो, त्याच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंना अंगठा आणि मधले बोट हलकेच टेकवावे. त्वचेखाली बारीक दोरीसारखे काहीतरी बोटाखालून सरकते. त्यातच रक्तवाहिनी असते. बोट जोरात दाबले तर प्रवाह बंद होतो आणि काहीच लागत नाही, म्हणून दाब अगदी हलका ठेवून धीराने थांबावे. निरोगी, शांत उभ्या घोड्यात ही नाडी इतकी मंद असते की ती सापडायलाही वेळ लागतो. बोट ठेवताक्षणी ठणठण उडणारी नाडी लागली, तर त्या खुरात दाह आहे. एकाच खुरात असेल तर गळू, रुतलेली वस्तू किंवा मुका मार. पुढच्या दोन्ही खुरांत असेल तर लॅमिनायटिस मनात ठेवून तातडी करावी. घोडा निरोगी असताना रोज खरारा करतानाच ही नाडी चाचपण्याची सवय ठेवावी. नेहमीची नाडी ठाऊक नसेल तर बिघडलेली ओळखता येत नाही.

मग खूर उचलून आकड्याने स्वच्छ करावा. मधल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाला घोडेवाले फ्रॉग म्हणतात. त्याच्या बाजूच्या खाचांत काळा, ओलसर, कुजका वास येणारा लगदा असेल तर ती फ्रॉगची सड आहे, आणि ती मधल्या खाचेत खोल गेली की टाच दुखून घोडा टोकावर पाय टाकू लागतो. तळव्यात खडा अडकला आहे का, भिंतीत चीर आहे का, नाल सरकली किंवा सैल झाली आहे का हे पाहावे. नाल खूर वाढल्यामुळे पुढे सरकून टाचेच्या आत गेली असेल, तर नालबंद यायला उशीर झाला आहे.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो आणि त्यामुळे 6 ते 8 आठवड्यांनी तो कापून घ्यावा लागतो. या काळापलीकडे गेले की पुढचे टोक लांबते आणि टाच खाली बसते. पाय उचलताना खूर टोकावरून गोल फिरून जमीन सोडतो. टोक लांबलेले असेल तर हे फिरणे उशिरा होते, पाय जमिनीला चिकटल्यासारखा राहतो आणि खूर वेळेत वर येत नाही. ठेचकाळणाऱ्या घोड्यांत मला सर्वांत जास्त वेळा सापडलेले कारण हेच आहे. पुढचा पाय उचलायला उशीर झाला की मागच्या खुराचे टोक पुढच्या नालेवर आदळते आणि दुडकीत ‘टक्-टक्’ असा लोखंडाचा आवाज येतो. तो आवाज थकलेल्या किंवा कच्च्या घोड्यातही येतो, पण सपाट जमिनीवर ताज्या घोड्याच्या चालीत येत असेल तर खुरांची लांबी आधी पाहावी.

खुरानंतर हात वर न्यावा. पायाच्या मागच्या बाजूच्या शिरा गुडघ्यापासून खाली, पाय जमिनीवर असताना आणि नंतर उचलून धरून, अशा दोन्ही रीतींनी दोन बोटांत चाचपाव्यात. शीर ताणलेली असताना लपलेला मऊ फुगवटा पाय सैल सोडला की बोटाला लागतो. गरम, फुगीर आणि दाबल्यावर घोडा पाय काढून घेतो अशी जागा सापडली, तर स्वारी बंद करावी आणि त्या भागावर दिवसातून काही वेळा 15 ते 20 मिनिटे गार पाण्याची धार धरावी. पशुवैद्यकाला अल्ट्रासाउंड तपासणीबद्दल विचारावे, कारण शिरेचे तुटलेले तंतू हाताला जितके लागतात त्याहून बरेच जास्त असू शकतात.

चालताना काय पाहावे

घोड्याला दुसऱ्या माणसाने धरून न्यावे आणि दोरी सैल सोडावी. मोरकी आवळून धरली तर मान हलत नाही, आणि पाहण्यासारखी मुख्य खूण नाहीशी होते. कठीण, सपाट जमिनीवर 25 ते 30 मीटर सरळ नेऊन, वळवून, परत आणावे. आधी साध्या चालीत, मग मंद दुडकीत. साधी चाल चार ठोक्यांची असते, आणि तिच्यात पाय कसा टेकतो हे पाहायचे असते. निरोगी घोडा बहुधा टाच आधी किंवा संपूर्ण खूर एकदम टेकतो. खुराचे टोक आधी टेकत असेल तर तो टाच वाचवत आहे. त्याच वेळी डोळे मिटून आवाज ऐकावा, कारण दुखणारा पाय जमिनीवर हलका पडतो आणि चार ठोक्यांतला एक दबका येतो. माझा अनुभव असा, की कान पुष्कळदा डोळ्याआधी सांगतो.

दुडकी दोन ठोक्यांची असते. त्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय (जसे उजवा पुढचा आणि डावा मागचा) एकदम टेकतात आणि त्यामुळे दोन बाजूंची तुलना सोपी होते. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. हे लक्षात ठेवण्याची सोपी खूण म्हणजे ‘खाली डोके, चांगला पाय’. मागच्या पायासाठी मागून पाहावे. पुठ्ठ्याच्या दोन्ही उंच हाडांवर चिकटपट्टीचे रंगीत तुकडे लावले तर कोणती बाजू जास्त वर-खाली होते हे स्पष्ट दिसते. जास्त हालणारी बाजू बहुधा दुखऱ्या पायाची असते.

इथे एक फसगत होते. डावा मागचा पाय चांगलाच दुखत असेल, तर तो टेकताना घोडा भार पुढे ढकलण्यासाठी डोके खाली घालतो. त्याच क्षणी कोपऱ्यातला उजवा पुढचा पाय टेकत असतो. पाहणाऱ्याला वाटते, ‘उजव्यावर डोके खाली म्हणजे डावा पुढचा दुखतो.’ दोष डाव्याच बाजूला पण मागच्या पायात असतो. म्हणून डोक्याची हालचाल दिसली तरी मागून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

दोन्ही पुढचे पाय सारखे दुखत असतील तर डोके हलतच नाही. घोडा फक्त आखूड, तुटक पावले टाकतो, उतारावर कुरकुरतो आणि ठेचकाळतो. माझी घोडी याच प्रकारातली होती. असा घोडा लांब दोरीवर गोल फिरवला की उलगडा होतो: डावीकडे फिरताना डावा आणि उजवीकडे फिरताना उजवा पाय लंगडतो, कारण वर्तुळात आतल्या पायाचा त्रास सहसा वाढतो. वर्तुळ फार लहान घेऊ नये आणि दोन्ही दिशांना सारख्या वेगाने फिरवावे. मग तेच मऊ जमिनीवर करून पाहावे. कठीण जमिनीवर वाढणारे दुखणे बहुधा खुराचे किंवा हाडाचे असते आणि खोल, मऊ जमिनीवर वाढणारे बहुधा शिरांचे, पण अपवाद इतके आहेत की ही केवळ दिशा समजावी.

सौम्य लंगडेपणाबाबत अनुभवी पशुवैद्यकांचेही पुष्कळदा एकमत होत नाही, कारण दुडकीत बदल क्षणार्धात घडतो. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा वादसुद्धा डोळ्यांनी मिटला नव्हता. एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रे काढली तेव्हा तो मिटला. आज फोनच्या मंदगती चित्रणात ते काम होते. फोन घोड्याच्या पोटाच्या उंचीवर स्थिर धरावा, बाजूने, समोरून आणि मागून अशा तीन फिती घ्याव्यात, आणि त्यांवर तारीख, जमीन व दिशा लिहून ठेवावी.

लंगडेपणाची तीव्रता सांगण्यासाठी अमेरिकेतील घोड्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेची 0 ते 5 अशी श्रेणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. वर्तुळ, चढ किंवा स्वाराचा भार अशा विशिष्ट परिस्थितीतच सातत्याने दिसतो तो 2, दुडकीत नेहमी दिसतो तो 3, साध्या चालीतही उघड दिसतो तो 4, आणि पाय जेमतेम टेकतो तो 5. फोनवर ‘थोडा लंगडतो’ म्हणण्याऐवजी हा आकडा सांगितला तर समोरच्याला तातडी कळते.

मागचे पाय आणि पाठ

मागच्या नालेचे टोक झिजलेले असेल आणि वाळूत पाय ओढल्याच्या रेषा उमटत असतील, तर हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या, मागे टोक आलेल्या) सांध्याची झीज, मांडीच्या पुढच्या सांध्याचा अशक्तपणा किंवा पाठदुखी यांपैकी काहीतरी असू शकते. तरुण, कमी व्यायाम झालेल्या घोड्यात गुडघ्याची वाटी क्षणभर अडकून मागचा पाय ताठ मागे राहतो आणि मग झटक्याने सुटतो. स्नायू भरले की यातले पुष्कळ घोडे सुधारतात. पाठीसाठी कण्याच्या दोन्ही बाजूंनी सपाट हाताने, बोटे न रुतवता, मानेकडून शेपटीकडे सरकावे. एखाद्या जागी त्वचा थरथरली, पाठ खाली दबली किंवा कान मागे गेले, तर तीच जागा थोड्या वेळाने पुन्हा तपासावी. पहिल्या स्पर्शाला दचकणे आणि दुखणे यांत फरक असतो.

खोगीर आणि स्वार

घामाने ओल्या पाठीवरचे खोगीर काढताच घामाचा नकाशा पाहावा. चहूकडे ओले आणि मध्ये तळहाताएवढे कोरडे असेल, तर तिथे दाब जास्त येत असण्याची शक्यता आहे. त्या जागी पांढरे केस आले असतील तर दाब जुना आहे. खोगीर खांद्याच्या हाडावर पुढे बसवले की खांदा मागे फिरू शकत नाही, पाऊल आखूड पडते आणि घोडा ठेचकाळतो. खोगीर आधी थोडे पुढे ठेवून, केसांच्या दिशेने मागे सरकवत, ते आपोआप थांबेल तिथे बसवावे आणि मगच तंग आवळावा.

स्वाराची बाजू तपासताना रिकिबी सारख्या लांबीच्या आहेत का, दुडकीत उठता-बसताना तो नेहमी एकाच कोपऱ्यावर, म्हणजे पायांची तीच जोडी टेकताना, बसतो का, लगाम एका हाताने जास्त ओढला जातो का, हे पाहावे. लगाम आखूड धरून घोड्याची मान कोंडली तर त्याला तोल सावरायला जागा उरत नाही. बसण्याचा कोपरा बदलून पाहावा, दुसरा तोलाचा स्वार बसवावा, लगाम सैल सोडून चालवावे. मात्र घोडा मोकळा असताना नीट चालतो आणि स्वार बसल्यावरच बिघडतो, एवढ्यावरून ‘चूक स्वाराची’ असे ठरवू नये. पुष्कळ दुखणी भार आल्याशिवाय दिसतच नाहीत. ब्रिटिश पशुवैद्यक स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारीतल्या घोड्याच्या वागणुकीच्या 24 खुणांची यादी तयार केली आहे. कान मागे ठेवणे, तोंड वारंवार उघडणे, शेपटी झटकणे, डोके वाकडे करणे आणि वारंवार ठेचकाळणे अशा खुणा तीत आहेत, आणि त्यांतल्या 8 किंवा अधिक दिसल्या तर हाडे-स्नायूंच्या दुखण्याची दाट शक्यता मानली जाते. ज्याला आपण ‘घोड्याचा हट्ट’ म्हणतो, त्यातला बराच भाग या यादीत सापडतो.

थकवा हेही खरे कारण आहे. ठेचकाळणे फक्त स्वारीच्या शेवटच्या भागात होत असेल तर काम कमी करून आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. स्नायू लवकर तयार होतात, शिरा आणि हाडे मागून येतात. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालवण्याचा व्यायाम पाय उचलायला शिकवतो, पण तो दुखणे नाही याची खात्री झाल्यावरच द्यावा.

डोळे, नसा आणि झोप

उजेडातून सावलीत जाताना किंवा एकाच बाजूच्या वस्तूला अडखळणाऱ्या घोड्याचे डोळे तपासून घ्यावेत. लहान वर्तुळात फिरवताना बाहेरचा मागचा पाय फार रुंद फेकला जाणे, मागे सारताना पाय ओढणे किंवा एकमेकांत अडकणे, उभे असताना पाय विचित्र ठिकाणी राहिला तरी घोड्याला पत्ता नसणे, ही नसांच्या बिघाडाची लक्षणे आहेत. यांच्या चाचण्या पशुवैद्यकानेच कराव्यात, कारण असा घोडा अंगावर पडू शकतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून जुन्या खरचटल्याच्या खुणा असतील तर झोपेचाही विचार करावा. गाढ झोपेचा एक भाग घोड्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही. जागा अपुरी, भीतीदायक किंवा सांधे दुखरे असल्यामुळे तो दिवसेंदिवस आडवा झाला नाही, तर उभ्याउभ्या डुलकी लागून त्याचे गुडघे खचतात.

पशुवैद्यक येण्यापूर्वी आणि नंतर

तपासणीच्या आधी वेदनाशामक देऊ नये. औषधाने चाल सुधारते आणि शोधायचा दोषच लपतो. शिवाय बरे वाटल्यामुळे घोडा दुखरा पाय जास्त वापरतो. पशुवैद्यक सांधा काही वेळ दुमडून धरून लगेच दुडकी बघतील. ही चाचणी घरी करू नये, कारण जोर जास्त लावला तर निरोगी घोडाही दोन पावले लंगडतो. पुढे खुराच्या बाजूने सुरुवात करून एकेक नस बधिर केली जाते. ज्या इंजेक्शननंतर चाल सरळ होते, दुखणे त्या भागात असते. मालक पुष्कळदा हा टप्पा वगळून थेट एक्स-रे मागतात. माझ्या मते ते चूक आहे, कारण वय झालेल्या घोड्याच्या एक्स-रेमध्ये दिसणारी प्रत्येक झीज दुखत नसते, आणि नको त्या जागेवर उपचार होऊन महिने वाया जातात.

उपचार सुरू झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. त्याच आठवड्यात नाल, खोगीर आणि व्यायाम तिन्ही बदलले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. खूर कापल्यावर किंवा उपचारानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या दिवशी, त्याच जमिनीवर, त्याच वेगाने, त्याच तीन बाजूंनी पुन्हा चित्रण करावे आणि जुन्या फितीशेजारी लावून पाहावे. उतरलेल्या नालाही फेकू नयेत. प्रत्येकीवर तारीख आणि पाय लिहून पागेत खिळ्याला ओळीने टांगाव्यात, म्हणजे झीज टोकाकडून टाचेकडे सरकते आहे की नाही हे दर खेपेला हातात घेऊन पाहता येते.